नीरेची परीक्षा

निरनिराळ्या देशांची स्वस्त द्राक्षमद्ये आणवून, बाटल्यांवरील नावे झाकून, एकीची चव दुसरीशी ताडून पाहावयाची, ही पाश्चात्त्य देशांतील एक जुनी हौस आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केल्यापासून नाशिककडे द्राक्षमद्याचे कारखाने वाढले, आणि त्यांच्या मागोमाग ही हौसही आपल्याकडे आली. मी राहतो तो वर्धा जिल्हा १९७० नंतरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे. येथील माणसाने द्राक्षमद्याच्या चवीवर व्याख्यान द्यावे, हे कायद्यास रुचावयाचे नाही आणि ऐकणारासही पटावयाचे नाही. परंतु त्या मंडळींनी चव घेण्याची जी शिस्त बसविली आहे ती मोलाची आहे, आणि ती आपल्याकडील एका अल्पमोली व निर्दोष पेयास लावता येते. ते पेय म्हणजे नीरा. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ती विक्रीकेंद्रावर उभ्याउभ्या प्याली असेल, आणि 'गोड आहे' एवढे म्हणून पेला खाली ठेवला असेल. नीरेत त्यापलीकडे पारखण्यासारखे पुष्कळ असते. आणि त्यांतील मुख्य गोष्ट झाडाची जात ही नसून रस उतरविल्यापासून गेलेले तास ही होय, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम शिस्तीविषयी. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्समधील नामांकित मद्ये व अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची तोवर फारशी कोणी न विचारलेली मद्ये शेजारी शेजारी मांडली. परीक्षक फ्रेंच, आणि आपल्या कलेत मुरलेले. बाटल्यांची नावे तेवढी झाकलेली होती. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या व तांबड्या अशा दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियास गेला. त्या परीक्षकांच्या जिभा वाईट होत्या असे नव्हे. नाव दिसत असते तर त्यांच्या जिभांनी कदाचित डोळ्यांचे ऐकले असते. आपल्या घरात तरी निराळे काय होते? अमुक दुकानचा चहा, तमुक गावचा गूळ, असे एकदा ऐकले की चव आपोआप चांगली लागू लागते. नाव झाकणे ही परीक्षेची पहिली पायरी होय.

आता नीरा म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेने या रसांची नावे वेगळाली ठेविली आहेत. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, आणि शिंदीची ती शिंदीच. तेथे झाडाचे व पेयाचे नाव एकच झाले आहे. गोव्यात माडाच्या रसास सूर म्हणतात व तो काढणारास रेंदेर. ताडी, माडी, शिंदी ही नावे सामान्यतः आंबलेल्या पेयाची समजली जातात. न आंबलेला ताजा रस, मग तो यांपैकी कोणत्याही झाडाचा असो, तो नीरा. म्हणजे नीरा हे झाडाचे नाव नव्हे, ते रसाच्या वयाचे नाव आहे.

विदर्भात ओढ्यानाल्यांच्या काठी आपोआप उगवते ती शिंदी, म्हणजे रानखजूर. तिचा रस फुलाफळांतून निघत नाही, तो खोडाच्या शेंड्याजवळच्या कोवळ्या भागातून घ्यावा लागतो. पावसाळा सरला की एका बाजूच्या झावळ्या काढून तो भाग उघडा करतात, काही दिवस तसाच राहू देतात, मग त्यावर तिरका छेद घेऊन बांबूची लहानशी पन्हळ बसवितात व तिच्याखाली मडके बांधतात. मडके सायंकाळी चढावयाचे आणि पहाटे उन्हापूर्वी उतरावयाचे. पुढील वर्षी छेद विरुद्ध बाजूस घेतात. त्यामुळे जुन्या झाडाचे खोड नागमोडी खाचांचे होते, आणि त्या खाचा मोजून झाडाने किती हंगाम रस दिला ते सांगता येते. ताडाचे काम निराळे. त्यात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात; दोहोंच्याही फुलोऱ्याचे टोक रोज तासून रस घेतात. माडाची न उमललेली पोय बांधून, हलके ठोकून, तिचे टोक तासतात. आणि माडाचा रस बाराही महिने मिळू शकतो, तसा शिंदीचा मिळत नाही, ती थंडीची धनीण आहे.

शिंदीच्या बाबतीत बंगालमधील लोकांची पारख फार सूक्ष्म आहे. तेथे झाडास तीनचार दिवस विसावा देऊन नंतर पहिल्या रात्री जो रस मिळतो त्यास 'जिरेन' म्हणतात, आणि तो सर्वांत निर्मळ व सुगंधी समजतात. दुसऱ्या रात्रीचा रस त्याहून उतरता, तिसऱ्या रात्रीचा आणखी उतरता. हिवाळ्यात कलकत्त्याच्या मिठाईत ज्या नोलेन गुळाची एवढी मिजास असते तो याच रसाचा. एकाच झाडाचा, एकाच आठवड्यातला रस असा तीन प्रतींचा असतो, हे आपल्याकडे नीरा पिणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

झाडावरून नुकत्याच उतरविलेल्या रसात शेकडा सुमारे दहा ते चौदा भाग साखर असते, आणि ती बहुतेक सगळी उसाच्या साखरेच्याच जातीची असते. आंबटपणा त्यात जवळजवळ नसतो. येथेच नीरेचे व द्राक्षरसाचे मूळचे अंतर आहे. द्राक्षरसात शेकडा वीसबावीस भाग साखर असते, आणि शिवाय तो जन्मतःच आंबट असतो. साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे जे सूक्ष्म किण्व, ज्यास आपण यीस्ट म्हणतो, त्यास हा आंबटपणा सोसतो; पण रस नासविणाऱ्या बहुतेक इतर जंतूंस तो सोसत नाही. म्हणून द्राक्षरसात किण्व जवळजवळ एकटाच काम करतो, मद्यार्क शेकडा बारातेरापर्यंत चढतो, आणि त्या बळावर ते मद्य बाटलीत वर्षानुवर्षे टिकते. नीरेस यांतील एकही कवच नाही. ती गोड आहे, आंबट नाही, कोमट हवेत उघड्या मडक्यात साठते आहे. किण्व, दह्यासारखा आंबटपणा आणणारे जंतू, आणि शेवटी मद्याचा शिरका करणारे जंतू, असे सगळेच पाहुणे तिच्या पंगतीस एकदम बसतात. आंबणे हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चरने १८५७ पासूनच्या आपल्या लेखांत दाखविले. त्याच्या प्रयोगांचा साक्षात्कार पाहावयाचा असेल तर प्रयोगशाळा नको, नीरेचे एक भांडे पुरे.

साधा, काही न लावलेल्या मडक्यातील रस पहाटे उतरविला तर सकाळीच त्यात बदल सुरू झालेला असतो. दुपारपर्यंत मद्यार्काचा अंश ओळखू येतो. एका दिवसात तो शेकडा चारपाचपर्यंत जातो, आणि त्यानंतर शिरक्याकडे वाट लागते. गोव्यातील स्वयंपाकात माडाच्या रसाचा शिरका वापरतात तो याच वाटेचा शेवटचा मुक्काम. द्राक्षमद्याच्या बाटलीवर वर्ष छापतात, कारण तेथे वर्षावर्षाचा फरक कळतो. नीरेच्या भांड्यावर काही छापावयाचे झाले तर तास छापावा लागेल.

आंबणे लांबविण्याचा जुना उपाय म्हणजे चुना. मडक्यास आतून चुन्याचा हात दिला की रस अल्कधर्मी राहतो व जंतूंची वाढ खुंटते. पण चुना बेताचा पाहिजे. जास्त झाला तर नीरा जिभेस चुनकट लागते, तिचा मूळचा सुगंध दबतो. बर्फात ठेवूनही आंबणे मंद होते, परंतु थांबत नाही. आणि थंडीने जिभेची गोडी ओळखण्याची शक्ती कमी होत असल्यामुळे बर्फगार नीरेचे दोष झाकले जातात. विक्रेता नीरा फार गार करून देतो ती नेहमीच गिऱ्हाइकाच्या सुखासाठी देतो असे नव्हे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. चार सारखे काचेचे पेले घ्यावेत. एकात ताजी नीरा. दुसऱ्यात तीच नीरा, पण घरातच तीनचार तास उघडी ठेवलेली. ती जिभेस लावण्यापुरतीच. तिसऱ्यात दुसऱ्या केंद्रावरून किंवा दुसऱ्या झाडाची मिळाली तर ती. चौथ्यात आपण केलेले साखरेचे पाणी: बारा ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन सपाट चमचे साखर शंभर ग्रॅमभर पाण्यात. हा चौथा पेला आपला गज समजावा. पेल्यांच्या बुडास आकडे चिकटवून घरातील दुसऱ्या कोणी तरी त्यांची अदलाबदल करावी. सगळे पेले एकाच उष्णतेचे असावेत. दोन घोटांच्या मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी. पानसुपारी किंवा चहा घेऊन ही परीक्षा करावयास बसू नये.

आधी डोळा. ताजा रस पाण्यासारखा नितळ किंवा किंचित धूसर असतो. दुधासारखा पांढुरकेपणा येतो तो किण्व व जंतू रसात तरंगू लागल्यामुळे. कित्येक लोक त्यालाच अस्सलपणाची खूण मानतात, ते बरोबर उलटे आहे. पेल्याच्या कडेने बारीक बुडबुडे चढत असतील तर साखर फुटू लागली आहे असे समजावे. मग नाक. ताज्या नीरेस हिरवट, फुलोऱ्याच्या जवळचा असा मंद वास असतो. जुनीस पिठाच्या आंबवणीचा. नंतर जीभ. साखरेच्या पाण्याची गोडी एकाएकी येते व एकाएकी जाते, तिला आगापिछा नसतो. नीरेची गोडी सावकाश पसरते, तिच्यात क्षारांचा किंचित भरीवपणा असतो, आणि घोट गिळल्यावर घशात काही क्षण वास मागे राहतो. नीरा म्हणून कोणी गोड पाणी विकत असेल तर चौथ्या पेल्याशेजारी ती ठेवताच ओळखू येते. आणि जिभेच्या कडांस चिमटा बसल्यासारखे वाटले, तर ती नीरा आता नीरा राहिलेली नाही.

स्वयंपाकघरातील आणखी दोन कसोट्या आहेत. हळदीचे पाणी लावून वाळविलेल्या कागदावर नीरेचा थेंब टाकावा. तो तांबूस झाला तर चुना जास्त आहे. आणि दुधात घालून तापविली असता दूध फाटले तर आंबटपणा शिरला आहे. शाळेत लिटमसच्या पट्ट्या संपल्या की शिक्षकास हळद व दूध यांवरच काम भागवावे लागते. ती सवय येथे उपयोगी पडते.

ही परीक्षा मी हौसेखातर सांगत नाही. रात्री दव पडत असताना सायंकाळी झाडावर चढणारा, मडके घासून, चुना बेताचा लावून, सूर्योदयापूर्वी पुन्हा चढून रस उतरविणारा एक माणूस या पेल्याच्या मागे उभा असतो. त्याचा सगळा व्यवहार पाचसहा तासांत व्हावयाचा असतो. गिऱ्हाइकास ताज्या रसाची व साखरपाण्याची चव सारखीच वाटत असेल, तर पहाटे चढणाऱ्याने का चढावे? त्याच्यापुढे मग दोनच वाटा उरतात: झाड सोडावयाचे, नाही तर रस आंबू द्यावयाचा. आमच्या जिल्ह्यात दुसरी वाट गुन्ह्याची आहे, आणि कायद्याने नीरा काढण्यासही परवाना लागतो.

हा प्रश्न वर्ध्यात नवीन नाही. गांधीजी १९३४ साली वर्ध्यास आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे कार्यालय बसले. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, दारूबंदीची भाषा सुरू झाली, आणि ताडीवर पोट भरणाऱ्यांचे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला. काही दारूबंदीवाले झाडेच तोडून टाका म्हणत. ग्रामोद्योग संघाचे उत्तर निराळे होते: झाड राहू द्या, चढणारा राहू द्या, रस मात्र आंबण्यापूर्वी कढईत जाऊ द्या. गजानन नाईक या कार्यकर्त्याने या भागात शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचे काम चिकाटीने केले, आणि स्वातंत्र्यानंतर ते भारत सरकारचे ताडगुळाचे सल्लागार झाले.

गांधीजींनी स्वतः नीरा घेऊन पाहिली होती. १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या 'आरोग्याची किल्ली' या लहानशा पुस्तकात त्यांनी तिचा विचार केला आहे. नीरेने पोट साफ होते असे पुष्कळ लोक सांगतात, पण आपणांस तसा अनुभव आला नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. अन्न या दृष्टीने तिची किंमत उसाच्या रसाइतकी ठरवितात. आणि ती लवकर आंबत असल्यामुळे झाडाजवळच संपविली पाहिजे, ते बहुधा साधत नाही, तेव्हा गूळ करणे हाच तिचा उत्तम उपयोग, असा निर्णय देतात. ज्या वस्तूचा पुरस्कार करावयाचा तिच्याविषयी लोकांचा एक गोड समज आपल्या अनुभवावरून नाकारावयाचा, हा खरा परीक्षकाचा गुण होय. हल्ली नीरा मधुमेही माणसास चालते असे जाहिरातीत वाचावयास मिळते, तेव्हा मला या निर्णयाची आठवण होते. शेकडा बारा भाग साखर असलेले पेय उसाच्या रसाच्याच पंक्तीस बसावयाचे. मधुमेह्याने ते वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नये.

जगात इतरत्रही लोक याच घड्याळाशी झुंजत आले आहेत. ट्युनिसियाच्या दक्षिणेस खजुराचा रस 'लाग्मी' नावाने सकाळी गोड व नंतर आंबलेला असा विकतात. मेक्सिकोत केकताडाच्या जातीच्या झुडपाचा गोड रस 'आग्वामिएल' आणि तोच आंबला की 'पुल्के'. श्रीलंकेत माडाचा व भेरली माडाचा रस आटवून काकवी करतात. कॅनडातील मेपल वृक्षाचा रस तर इतका पातळ, की त्यात साखर शेकडा दोन भागांच्या आसपास; एक लिटर पाक होण्यास चाळीस लिटर रस आटवावा लागतो. त्या मानाने आपली शिंदी उदार म्हणावी: आठनऊ लिटर रसात सुमारे एक किलो गूळ पडतो. तरी मेपलचा पाक जगभर काचेच्या बाटल्यांतून जातो आणि आपला ताडगूळ जिल्ह्याबाहेर क्वचितच जातो. मेपलवाल्यांनी पाकाच्या प्रती ठरविल्या, रंग मोजला, भेसळीवर नजर ठेविली. आपल्याकडे खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२० च्या जूनमध्ये डहाणू येथे दोनशे स्थानिक कारागिरांना शिकवून अवजारे दिली, हे चांगलेच झाले. पण प्रत ओळखणारा ग्राहक कोणता आयोग देणार?

एक सावधगिरीची गोष्ट सांगावयास हवी. वटवाघळांनाही हा रस प्रिय आहे. बांगलादेशात २००१ पासून निपाह नावाच्या प्राणघातक रोगाच्या ज्या साथी आल्या त्यांतील कित्येकींचा संबंध वटवाघळांनी उष्ट्या केलेल्या खजुराच्या कच्च्या रसाशी लागला. तेथे छेदाभोवती व मडक्याभोवती बांबूच्या कामट्यांचे झाकण बांधण्याची रीत त्यामुळे पुढे आली. उघड्या मडक्यातील कच्चा रस, तो कितीही ताजा व सुगंधी असो, पिऊ नये. झाकण होते काय, असे विचारण्यात संकोच मानू नये. उकळी आणलेल्या रसास व गुळास हे भय राहत नाही.

तेव्हा ज्यांना झाडाजवळची नीरा मिळत नाही अशा शहरी घरांसाठी गूळ हीच नीरेची चव घेण्याची सोय उरते. त्याचीही परीक्षा होते. रस जुना झाला की त्यातील साखर फुटते, आणि फुटलेल्या साखरेचा गूळ नीट बसत नाही. तो चिकट राहतो, बोटास ओढ देतो, पावसाळ्यात पाझरतो. ढेप फोडल्यावर आत कण दिसावा. तुकडा जिभेवर ठेवून चावू नये, विरघळू द्यावा: आधी गोडी, मागून किंचित धुराचा व फुलोऱ्याचा वास, आणि शेवटी खारटपणाची एक बारीक छटा, अशा क्रमाने तो उलगडतो. फार काळा व कडवट लागला तर कढईत करपलेला आहे. जिभेस चुना लागला तर रसातील चुना नीट काढलेला नाही. उसाचा गूळ शेजारी ठेवून, डोळे मिटून, घरातील मुलांकडून दोन्ही चाखवून घ्यावेत. थंडीच्या अखेरीस, माघाच्या सुमारास, त्या हंगामाचा नवा ताडगूळ बाजारात येतो. घ्यावयाचा तो तेव्हा, आणि दुकानदारास तो कोणत्या झाडाचा हे विचारण्याआधी कोणत्या महिन्याचा हे विचारून घ्यावा.